बडोद्यात घराचं एनर्जी ऑडिट कुणी करून घेतलंय का? पैसे वसूल होतात का?

टेनामेंटवाली_ताई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही वाघोडिया रोडला राहतो, जुनं टेनामेंट, खाली हॉल-किचन आणि सासूबाईंची खोली, वर दोन बेडरूम आणि त्यावर उघडी गच्ची. एप्रिल-मेचं लाईटबिल आलं १३८० युनिटचं आणि तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी एकच विषय, पंखा चालू ठेवून कोण उठलं. दोन एसी आहेत दीड-दीड टनचे, एक २०१४ चा आणि एक नवा इन्व्हर्टरवाला. फ्रिज एक, गीझर पाइप गॅसवरचा, बाकी सगळ्यांकडे असतं तेच.

आता झालंय असं की नणंद न्यू जर्सीला असते, तिने मागच्या थंडीत तिकडे घराचं एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे किती वाया जाते त्याची तपासणी, करून घेतली. म्हणजे दोन माणसं आली, पुढच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात भला मोठा पंखा बसवला, घरातली हवा बाहेर ओढली आणि मग कॅमेऱ्यावर दाखवलं की कुठल्या फटीतून गारठा आत येतोय, कुठल्या भिंतीत भरलेला कापूस खाली बसलाय वगैरे. तिने फोटो पाठवले आणि आमच्या ह्यांनी मनावरच घेतलं, आपणही करायचं.

चौकशी केली तर दोन जातीचे लोक भेटले. एक सोलरवाला, त्याचं ऑडिट म्हणे फुकट. आला, बिलाचा फोटो काढला, गच्ची पावलांनी मोजली, चहा घेतला आणि पाच किलोवॅट लागेल सांगून गेला. दुसरे कारखान्यांची ऑडिट करणारे, ते म्हणाले घरासाठी आम्ही सहसा येत नाही, यायचंच तर १८ हजार अधिक जीएसटी.

तर कुणी केलंय का घराचं असं ऑडिट, ते नक्की काय बघतात, आणि आमच्यासारख्या घराला त्याची गरज आहे का? की सरळ जुना एसी काढून नवा घ्यावा आणि गप्प बसावं? सासूबाईंचं मत आहे की पूर्वी आम्ही अंगणात झोपायचो, पण अंगणात आता स्कूटर आणि अॅक्टिवा झोपतात.

---

कारखाना_ऑडिटर

ताई, मी बीईईची (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, ऊर्जा बचतीची सरकारी संस्था) एनर्जी ऑडिटरची परीक्षा पास झालेला माणूस आहे, मकरपुरा, पोर, हालोल या पट्ट्यातल्या कंपन्यांची कामं करतो. (तुम्हाला १८ हजार सांगणारा मी नव्हे!)

आधी नणंदेच्या पंख्याबद्दल. त्याला ब्लोअर डोअर म्हणतात, घराच्या आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक निर्माण करतात आणि किती हवा गळते ते मोजतात. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची, भिंतीत फायबरग्लास भरलेलं, थंडीत चोवीस तास हीटिंग चालू, त्यामुळे फटीतून गेलेली प्रत्येक गरम हवा म्हणजे डॉलर गेले. तिथे त्या टेस्टला अर्थ आहे, सरकार ऑडिटच्या खर्चावर १५० डॉलरपर्यंत करात सूटही देत होतं, ती २०२५ अखेर बंद झाली. आपल्याकडे? बाथरूमला व्हेंटिलेटर उघडा, किचनला एक्झॉस्टचं भोक, खिडक्या दिवसातून चार वेळा उघडायच्या, अख्ख्या घराला पंखा लावून मोजणार काय. आपल्या घरात उष्णता फटीतून कमी आणि स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि काचांतून जास्त येते. एसीच्या खोलीची दाराखालची फट मात्र बंद करा, त्याला मशीन लागत नाही, वीस रुपयांची रबरपट्टी लागते.

आता आमच्या धंद्याचं. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, त्यात मोठ्या ग्राहकांना, म्हणजे सिमेंट, खत, पोलाद, रेल्वे, मोठ्या इमारती अशांना ऑडिट बंधनकारक आहे. घराला नाही. त्यामुळे घरगुती ऑडिट हा बाजारच आपल्याकडे नीट उभा राहिलेला नाही. बडोद्यात तर एर्डा आहे, १९७४ पासूनची संस्था, मकरपुऱ्यात, तिथे ट्रान्सफॉर्मरपासून पंख्यापर्यंत सगळं टेस्ट होतं आणि ऑडिटही करतात, पण ते मुख्यतः इंडस्ट्रीसाठी. तुमच्या दोन एसी आणि एका फ्रिजसाठी एवढी यंत्रणा हलवणं कुणालाच परवडत नाही, त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही.

तरी कुणाला बोलावलंतच तर काय बघायचं ते सांगतो. त्याच्या पिशवीत वीज मोजायला क्लॅम्प मीटर किंवा पॉवर अॅनालायझर आणि उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा असला पाहिजे. तो आधी वर्षभराची बिलं मागेल, फक्त शेवटचं नाही. प्रत्येक वस्तू चालू करून मोजेल, मागच्या स्टिकरवरचे वॅट उतरवून घेणार नाही. एसीची जाळी काढून आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा दोन्हींचं तापमान घेईल, आठ ते बारा अंशांचा फरक पडत नसेल तर एसीत गडबड. डीबी, म्हणजे सगळे एमसीबी स्विच असतात ती पेटी, उघडून लोडवर असताना कॅमेरा धरेल, कारण ढिला स्क्रू तिथे पांढराशुभ्र चमकतो, आणि खरं सांगायचं तर मला घरांमध्ये बिलापेक्षा ह्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. शेवटी लेखी रिपोर्ट, प्रत्येक उपायापुढे खर्च किती, वर्षाला वाचेल किती, वसूल कधी. आणि तो स्वतः काही विकत नसला पाहिजे, हे सगळ्यात आधी बघा. सोलरवाल्याने केलं त्याला साइट व्हिजिट म्हणतात, त्यात वाईट काही नाही, पण ते ऑडिट नाही.

---

उगाच_खर्च_नको

१८ हजारात कमी वीज खाणारे सहा बीएलडीसी पंखे येतात. बास, झालं ऑडिट.

मी तेच केलं. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा फुल स्पीडला ३० च्या आसपास. कुणाला फी देऊन "पंखे बदला आणि एसी २४ वर ठेवा" ऐकायचं असेल तर खुशाल ऐका. २०२० पासूनचे एसी तर चालू केले की आपोआप २४ वरच येतात, नियमच आहे तो, तेवढं जरी लोकांनी खाली नाही दाबलं तरी पुरे. एक अंश वर ठेवला की सहा टक्के वाचते असं बीईई स्वतः सांगते.

---

कारखाना_ऑडिटर

@उगाच_खर्च_नको सहाच्या सहा बदलले का? जो दिवसाला बारा तास फिरतो तो महिन्याला सोळा युनिट वाचवतो, अडीच-तीन वर्षांत वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवाळी आणि लग्नसराईला फिरतो, तो बदलून त्याचे पैसे ह्या जन्मात निघत नाहीत. कुठला बदलायचा आणि कुठला नाही हे कळणं, ऑडिट म्हणजे तेवढंच हो.

---

उगाच_खर्च_नको

सहाच्या सहा नाही, चार. बाकी दोन बायकोने बदलू दिले नाहीत, रंग खोलीशी जुळत नाही म्हणून.

---

मीटरवाले_काका

मी आयुष्यभर मीटरच्या टेस्टिंगमध्ये काम केलं, आता रिटायर होऊन करेलीबागेत असतो. ताई, १८ हजार बाजूला ठेवा आणि आज रात्री एक काम करा, त्याला फक्त मोबाइलचं स्टॉपवॉच लागतं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, घरगुती मीटरवर बहुतेक ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचून घ्या. ३२०० असेल तर हिशोब सोपा: एका लुकलुकीपासून दुसऱ्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद गेले ते बघा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय. नऊ सेकंद लागले तर १२५ वॅट. एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नका, दहा मोजा आणि दहाने भागा.

रात्री सगळे झोपायच्या आधी दिवे, पंखे, एसी, टीव्ही सगळं बंद करा, फ्रिजचाही प्लग पाच मिनिटं काढा, आणि मोजा. काहीच चालू नाही म्हणता ना, मग दिवा स्थिर राहायला हवा किंवा अगदी अर्ध्या मिनिटाने एकदा लुकलुकायला हवा. तसं नसेल तर डीबीवरचा एकेक एमसीबी पाडत जा आणि परत मोजा, कुठला पाडल्यावर दिवा सुस्तावला तिथे चोर आहे.

हो, आणि स्मार्ट मीटर लागलं असेल तर घाबरू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे त्यावरून केवढा गदारोळ झाला, अकोट्यापासून गोरव्यापर्यंत लोक रस्त्यावर आले, शेवटी खात्री पटावी म्हणून शेजारी जुनं मीटर चेक मीटर म्हणून लावायची वेळ आली. माझं म्हणणं एवढंच की मीटर मोजतं तेच मोजतं, नवीन असो की जुनं, तुम्ही स्वतः मोजायला शिकलात की कुणाच्याच तोंडाकडे बघावं लागत नाही.

---

टेनामेंटवाली_ताई

काका, केलं! रात्री साडेदहाला आम्ही दोघं टॉर्च घेऊन मीटरसमोर उभे, शेजारच्या भाभी बाल्कनीतून "शुं थयुं?" विचारतायत, त्यांना वाटलं लाईट गेली.

मीटरवर ३२०० च आहे. सगळं बंद, फ्रिजचा प्लगही काढलेला, तरी दहा लुकलुकी साठ सेकंदांत. म्हणजे सहा सेकंदांना एक. म्हणजे १८७ वॅट?? काहीही चालू नसताना? ह्यांनी तीनदा मोजलं, विश्वासच बसेना.

मग एकेक एमसीबी पाडला. जिन्याखालचा पाडल्यावर दहा लुकलुकींना १४० सेकंद लागले, म्हणजे ८० वॅटवर आलं. त्या लाईनवर इन्व्हर्टर आहे, बॅटरीवाला, २०१६-१७ मध्ये घेतलेला. म्हणजे शंभराच्या वर वॅट तो एकटा खातोय? लाईट गेलेली नसताना? उरलेल्या ८० मध्ये सीसीटीव्हीचा डबा, वायफाय, दोन सेटटॉप बॉक्स, ते सगळे प्लग काढले तर तीसच्या आसपास उरतात आणि ते कशाचे ते काही सापडेना.

---

मीटरवाले_काका

शाब्बास. आता हिशोब करा. १८७ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला साडेचार युनिट, दोन महिन्यांच्या बिलात २७०. तुमच्या १३८० मधला पाचवा हिस्सा, आणि त्यात ना कुणी गार झालं ना उजेड पडला.

इन्व्हर्टरची बॅटरी मेलीय. जुनी झाली की ती पूर्ण चार्ज कधी होतच नाही, चार्जर आपला रात्रंदिवस ढकलतोय आणि ती नुसती गरम होतेय. हात लावून बघा कोमट लागेल. डिस्टिल्ड वॉटरही वारंवार भरावं लागत असेल.

उरलेले तीस वॅट मला विचाराल तर एसीचे स्टॅबिलायझर. भिंतीवर टांगलेले असतात ना, एसी रिमोटने बंद केला तरी ते चालूच, आत ट्रान्सफॉर्मर घूं करत बसलेला. लोक दिवाळीत एसी बंद करतात आणि स्टॅबिलायझर होळीपर्यंत चालू. मेन बटणच बंद करायची सवय लावा.

---

टेनामेंटवाली_ताई

बॅटरी कोमट आहे. आणि पाणी तर दर महिन्याला मीच भरते, मला वाटलं तसंच असतं. स्टॅबिलायझरही तेच निघाले, दोन्ही.

---

उगाच_खर्च_नको

आणि मुळात बडोद्यात इन्व्हर्टर कशाला हवाय? लाईट जातेच कुठे आपल्याकडे, गेली तर पंधरा मिनिटं, तेही पहिल्या पावसात. माझ्या मेहुण्याने मुंबईहून येताना आणला होता, अजून खोक्यात आहे.

---

टेनामेंटवाली_ताई

सासूबाईंचा नेब्युलायझर असतो म्हणून ठेवलाय. पण त्याला एवढा मोठा नको हे आता कळतंय.

---

वाडा_रावपुरा

मीटरचा विषय निघालाय म्हणून लिहितो, ताईंच्या घरी नसेल पण जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी जरूर बघावं. मीटरवर त्या लुकलुक दिव्याशेजारी अजून एक दिवा असतो, त्यावर अर्थ किंवा ई/एल असं काहीतरी लिहिलेलं. तो आमच्याकडे कायम पेटलेला असायचा आणि आम्हाला वाटायचं पॉवर चालू असल्याची खूण आहे.

आमचा वाडा आजोबांच्या पश्चात वाटण्या होऊन दोन मीटरचा झाला, एक माझ्या काकांचं आणि एक आमचं. वायरमनने तेव्हा फेज वेगळे केले पण मधल्या जिन्याचा आणि मोरीचा न्यूट्रल एकमेकांत राहून गेला. मीटरमध्ये जाणारा करंट आणि परत येणारा करंट जुळला नाही की तो दिवा पेटतो, आणि दोन्हींत जो जास्त असेल त्यावर मीटर बिल लावतं, म्हणजे काकांच्या मोटरचा न्यूट्रल आमच्यातून परत येत होता आणि त्याचे पैसे आम्हीही भरत होतो आणि काकाही. काकूंना वाटायचं आम्ही त्यांच्याकडून वायर ओढलीय, आम्हाला वाटायचं त्यांनी ओढलीय, बोलणं बंद व्हायची वेळ आली होती हो. शेवटी एका जाणत्या वायरमनने दुपारभर बसून दोन्हींचे न्यूट्रल सोडवले. बिल पुष्कळ उतरलं. आणि नवीन आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पण तेव्हाच लावून घेतला, ३० मिलिअॅम्पचा, कारण न्यूट्रल मिसळलेले असतील तर तो टिकतच नाही, सारखा पडतो, मग लोक तोच काढून टाकतात. असं कुणी सांगितलं की "आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकू," तर त्या वायरमनलाच काढून टाका.

---

मीटरवाले_काका

अगदी बरोबर. कधी न्यूट्रल मिसळलेला असतो, कधी गीझर किंवा मोटरचं इन्सुलेशन गेलेलं असतं आणि करंट जमिनीत उतरत असतो. दुसरं जास्त धोक्याचं. दिवा पेटलेला दिसला तर दुर्लक्ष करू नये.

---

अकोटा_आर्किटेक्ट

सगळे मीटरपाशीच थांबलेत, ताईंचं खरं दुखणं वर आहे. ताई, वरच्या बेडरूममध्ये रात्री नऊ-दहाला छताला हात लावून बघितलाय कधी? स्टुलावर उभं राहून लावा.

उघडा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता आत उतरायला काही तास लागतात, म्हणून बाहेर वारा सुटल्यावर, नेमकं झोपायच्या वेळी, छत तव्यासारखं वरून भाजत असतं. तुमचा एसी खोलीतली हवा गार करत नसून रात्री दोनपर्यंत त्या स्लॅबशी भांडत असतो. नवा फाइव्ह स्टार आणलात तरी तो स्लॅब तोच आहे. नव्या घरांसाठी २०१८ साली बीईईने इको निवास संहिता ही नियमावली काढली, त्यात छतातून उष्णता किती शिरावी याची मर्यादा चौरस मीटरला १.२ वॅट, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, अशी घातली. आपला नुसता स्लॅब त्याच्या अडीच-तीन पट सोडतो.

उपाय तीन आहेत आणि खर्चाप्रमाणे सांगते. सगळ्यात स्वस्त, उन्हाळ्याच्या आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा कूल रूफचा, म्हणजे ऊन परतवणारा, पांढरा रंग. अहमदाबादेत म्युनिसिपालिटीने २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं अशी रंगवायला घेतली ती उगाच नाही. आतल्या तापमानात दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. तोटा असा की धूळ बसली की पांढरेपणा जातो, त्यामुळे अधूनमधून गच्ची धुवायची आणि दोन-तीन वर्षांनी परत हात मारायचा. दुसरा, आपल्याकडचा जुनाच, पांढरा चायना मोझॅक. फुटक्या टाइल्सचे तुकडे, कोणताही जुना कडिया (गवंडी) करून देतो, वॉटरप्रूफिंगही होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. फक्त आधीचं फ्लोअरिंग न उखडता त्यावर थर चढवायला सांगणाऱ्या कडियाला थारा देऊ नका, स्लॅबवर किती वजन टाकायचं आणि पाण्याचा ढाळ कुठे जाणार हे कुणीतरी बघितलं पाहिजे. तिसरा, स्लॅबवर इन्सुलेशनचे बोर्ड घालून वर फरशी, हा महाग, पण गच्ची तशीही उखडणार असाल तर त्याच वेळी करून टाका.

आणि पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून अडवा, छज्जा, बांबूची चिक, काहीही. माझे कितीतरी क्लायंट आतल्या पडद्यावर हजारो घालतात आणि बाहेर तीनशेची चिक लावायला लाजतात, बंगल्याला शोभत नाही म्हणे.

---

कारखाना_ऑडिटर

आर्किटेक्ट ताईंच्या म्हणण्याला माझा दुजोरा, आणि आता एसीचा हिशोब टाकतो म्हणजे तो विषय मिटेल. २०१४ चा दीड टन रात्री आठ तास चालला तर धरा नऊ-साडेनऊ युनिट. नवा चांगला इन्व्हर्टर एसी सहाच्या आसपास. रात्रीला साडेतीन युनिट वाचले, वर्षातल्या १२० रात्री, म्हणजे चारशेच्या आसपास युनिट, ड्यूटी आणि फ्युएल सरचार्ज सगळं धरून युनिटला साडेसात लावले तर तीन हजार रुपये. नवा एसी बेचाळीस-पंचेचाळीस हजारांचा. चौदा-पंधरा वर्षं. तोवर तो नवाच भंगारात जाईल. म्हणून चालू एसी बिलासाठी बदलू नका, बिघडला की बदला. जिथे जास्त तास लागतो त्या खोलीत नवा टाका, जुना दुसऱ्या खोलीत. आणि बदलताना स्टारचं वर्ष बघा, बीईई दर काही वर्षांनी टेबल कडक करते, २०१४ चा फाइव्ह स्टार आजच्या टेबलात त्या जागी बसत नाही.

सोलरचं ताईंनी सांगितलं नाही, वर्षाचे एकूण युनिट किती?

---

टेनामेंटवाली_ताई

सगळी बिलं काढून बेरीज केली, ४८५०. थंडीतलं बिल तर चारशे युनिटचंच असतं.

---

कारखाना_ऑडिटर

मग पाच किलोवॅट कशाला? बडोद्यात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, तीन किलोवॅटचे वर्षाला ४३८० झाले. इन्व्हर्टर नीट केला की तुमचे सातशेच्या वर युनिट असेच उतरतील, स्टॅबिलायझर आणि गच्ची वेगळी. म्हणजे तीन किलोवॅटमध्ये तुमचं जवळपास सगळं भागतं. आणि घरावरच्या सोलरसाठीच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी तीन किलोवॅटला ७८ हजार आहे, त्याच्या वर पाच घ्या नाहीतर दहा, ७८ हजारच. वरचे दोन किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. सोलरवाला खोटं बोलला असं नाही, उन्हाळ्याचं बिल दाखवलंत तर तो उन्हाळ्याचाच आकडा काढणार.

क्रमही सांगून ठेवतो, गच्चीचा रंग किंवा मोझॅक आधी आणि पॅनेल नंतर. उलटं केलंत तर पॅनेलच्या स्टँडखाली ब्रश घालायला माणूस मिळत नाही. पॅनेलखालची गच्ची सावलीत राहते हा एक वरचा फायदा.

---

सुभानपुरा_फ्लॅट

मी फ्लॅटमध्ये राहते त्यामुळे गच्ची आमची नाही, पण एक राहिलंय म्हणून. ताईंनी पाइप गॅसचा गीझर लिहिलाय. बिलाला उत्तम, बडोद्यात अर्ध्या घरांत तोच आहे. पण तो बाथरूमच्या आत आहे की बाहेर? आत असेल आणि खिडकी थंडीत बंद करून आंघोळ करत असाल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास नाही रंग नाही, माणूस बसल्या जागी कोसळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलीला वेळेवर दार तोडून बाहेर काढलं. ऑडिट करा नाहीतर नका करू, तो गीझर आधी बाहेरच्या डक्टमध्ये घ्या.

दुसरं, सोसायटीतल्या लोकांनी ऑडिट करायचंच तर कॉमन मीटरचं करा. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून एका सर्टिफाइड माणसाला बोलावलं, घरटी तीनशे रुपये पडले. वरची टाकी भरायला मोटरला तास-दीड तास लागायचा, तो म्हणाला हे बरोबर नाही, बघितलं तर खालचा फुटवाल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळत होता. पार्किंगच्या जुन्या ट्यूब चोकसकट पन्नास-पंचावन्न वॅट खायच्या, त्याही रात्रभर. त्या सगळ्याचं जे वाचलं त्यात त्याची फी कधीच निघाली. एकट्याच्या घराला मात्र मी नसतं बोलावलं.

---

टेनामेंटवाली_ताई

गीझर बाथरूमच्या आतच आहे. गॅसच्या माणसाला आजच फोन केलाय, ते काम आधी.

बाकी असं ठरतंय: जुनी बॅटरी देऊन नेब्युलायझर आणि दोन दिव्यांपुरता लहान यूपीएस, फेब्रुवारीत गच्चीला चायना मोझॅक, सोलर त्यानंतर तीन किलोवॅटचं, एसी आहेत तेच. १८ हजारवाल्यांना नाही कळवलं. नणंदेला सगळं सांगितलं तर तिने उलट मला विचारलं, आपल्या घरी पण असा काही लाल दिवा असेल का ग.

आर्किटेक्ट ताई, एक शेवटचं, गच्चीवर आत्ता लाल मंगलोरी टाइल्सचा जुना थर आहे आणि त्याखाली काय आहे ते सासऱ्यांनाही आठवत नाही. उखडायचा खर्च बराच सांगतायत. नुसता वरून पांढरा रंग चालेल का ह्या वर्षी?

---

अकोटा_आर्किटेक्ट

एक-दोन उन्हाळे चालेल. पण आधी ह्या पावसाळ्यात वरच्या खोल्यांच्या छताला आतून कुठे ओल येते का ते बघून ठेवा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. ओल आली तर रंग नको, उखडणंच आलं. नाही आली तर नवरात्रानंतर टाइल्स तारेच्या ब्रशने घासून घ्या, शेवाळ राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दोन हात मारा, पहिला उभा, दुसरा आडवा. कडियाला आत्ता बोलावू नका, पावसाच्या तोंडावर तो घाईने हो म्हणेल.